कडब्याचा भाऊसो

सोपानच्या तोंडातून ‘गेला’ हा शब्द पुरता बाहेर पडायच्या आत आबांची काठी त्याच्या तोंडावर बसली.

काठी मेंढक्याची, तेल पाजून काळी केलेली. सोपान जागच्या जागी गुडघ्यावर आला. त्याचे दोन दात अंगणात कातरून टाकलेल्या लोकरीच्या ढिगात पडले आणि ओंजळीतून रक्त गळायला लागलं. ओसरीवर त्याचा बाप कोंडीबा, म्हणजे आबांचा व्याही, पानाला चुना लावत बसला होता. त्याचं बोट तसंच पानावर राहिलं.

“आवं पावणं, बोलाय आलोय आमी. मारामारी कराय न्हाई,” कोंडीबा म्हणाला.

“मग पोराला नीट बोलाय शिकवून आणायचं. माझा भाऊसो गेलेला न्हाई. घावत न्हाई. घावत न्हाई आन् गेला ह्यात लय अंतर हाय.”

“पाच म्हैनं झालं की आबा.”

“मला तीन वर्सं लागली व्हती,” आबा म्हणाले आणि खाली बसून मेंढीचे पाय पुन्हा गुडघ्याखाली दाबून धरले. कातर चालू झाली. मेंढीच्या कातड्यावर दोन ठिकाणी रक्त आलं.

येसूबाई तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं सोपानच्या हातावर पाणी ओतलं, फडकं दिलं. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही. आत जात्यापाशी तिची सून राही बसली होती. बाहेर विव्हळतोय तो आपला भाऊ हे तिला कळत होतं, पण सासऱ्यापुढं यायची तिची टाप नव्हती.

कवठे महांकाळच्या उत्तरेला माळावर धनगरांची ही तीसेक घरांची वाडी. ह्या वाडीतला एक पोरगा विमान चालवतो असं बाजारात सांगितलं तर लोक सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घ्यायचे. पण ते खरं होतं. भाऊसो, आबा आणि येसूबाईचा एकुलता एक, हवाई दलात पायलट होता. भादव्यात पाकिस्तानशी लढाई पेटली, त्याचं विमान सरहद्दीपलीकडं पाडलं गेलं आणि तार आली, बेपत्ता. लढाई संपली. दोन्हीकडचे कैदी घरोघर परतले, त्यांत भाऊसो नव्हता. मग सरकारी कागद आला. शाळेच्या मास्तरानं तो वाचला : बेपत्ता, मृत समजण्यात येत आहे. आबांनी तीनदा वाचायला लावला. पहिला शब्द तेवढा ठेवून घेतला आणि उरलेले मास्तराच्या अंगावर टाकून ते घरी आले.

आबांशी ह्या बाबतीत वाद घालायची कुणाची छाती नव्हती, कारण आबा स्वतःच मरून परत आलेला माणूस होता.

मागच्या मोठ्या लढाईत ते मराठा पलटणीतून मिसरच्या वाळवंटात गेले. तेव्हा त्यांचं नाव तात्याबा. बेचाळीस साली तिथंच पकडले गेले आणि घरी कागद आला तोही असाच, बेपत्ता. येसूबाई तेव्हा अठरा वर्षांची, कडेवर वर्षाचा भाऊसो. भावकीनं दीड वर्ष वाट बघितली आणि मग वाडीच्या रिवाजाप्रमाणं कडब्याचा माणूस केला, त्याला कणकेचं डोकं लावलं, तात्याबाचं धोतर नेसवलं आणि आग दिली. येसूबाईच्या बांगड्या फोडल्या. धनगरांत विधवेचा पाट लागतो, म्हणून सहा महिन्यांनी तिला वाडीतल्याच नाथाजीला दिली. तिथं ती चौदा महिने नांदली.

आणि पंचेचाळीस साली एका दुपारी तात्याबा पायात लष्करी बूट घालून वाडीत उभा राहिला.

आता आली का पंचाईत! ज्याला आग दिली त्याला जुन्या नावानं घरात घेता येत नाही, असा वाडीचा कायदा. पंच बसले आणि ठरलं की माणूस नव्यानं जन्माला आला पाहिजे. म्हणून त्या मिशाळ शिपायाला मेंढीच्या दुधानं आंघोळ घातली, घोंगड्यात गुंडाळला, चार बायकांनी घोंगड्याचे चार कोपरे धरून त्याला पाळण्यासारखा झुलवला आणि कानात कुर्रर करून ‘आबा’ असं नाव ठेवलं. हसून हसून वाडीच्या पोटात दुखायला लागलं. आबांनी सगळं करून घेतलं. मग ते उठले, मिशीचं दूध पुसलं, कुऱ्हाड घेऊन नाथाजीच्या घरी गेले आणि त्याच्या उजव्या टाचेमागची शीर तोडली. येसूबाईला केस धरून परत आणली. नाथाजी पाय ओढत औंधकडं निघून गेला, तो कुणाला परत दिसला नाही. पंच काही बोलले नाहीत. त्यांनी ज्याला जाळलं तोच समोर उभा होता, बोलणार काय?

तीन वर्षं तारेच्या कुंपणामागं काढताना आबा डोक्यावरून जाणारी विमानं बघायचे. वरच्या माणसाला कुणी तारेत घालत नाही असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. म्हणून पोराच्या हातात काठी न देता त्यांनी त्याला सांगलीच्या बोर्डिंगात ठेवला, कॉलेजात घातला. भाऊसो विमानात बसला तो बापाच्या हट्टानं. हे आबांना ठाऊक होतं आणि येसूबाईलाही ठाऊक होतं. दोघांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

सोपान फडकं तोंडाशी धरून उठला. कोंडीबानं जाता जाता एवढंच विचारलं, “पोरीचं काय, आबा? एकोणीस वर्सांची हाय ती.”

“ती हितंच ऱ्हाईल. तिचा नवरा येईल तवा दारात ती उभी पायजे. माझ्या वक्ताला दारात कुत्रं बी नव्हतं.”

हा टोला येसूबाईला होता. तो तिनं वीस वर्षं हप्त्याहप्त्याला खाल्ला होता.

त्या साली पाऊस झालाच नव्हता. एरवी दिवाळी झाली की वाडीतली मेंढरं खाली कृष्णाकाठाला, कराड-उंब्रजच्या बाजूला चालत जायची, खतासाठी शेतांतून बसायची आणि उन्हाळ्यात परत यायची. सगळ्यांची गेली. आबांची गेली नाहीत. भाऊसोचा कागद आला आणि घराला कडी असली तर? म्हणून ते हलले नाहीत आणि शंभरभर मेंढरं माळावरच्या वाळक्या कुसळांवर उभी राहिली. एकेकीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दशा. त्यात माघात मेंढ्या व्यायल्या, आणि आचळांत दूध नाही.

एका सकाळी आबांनी सुरी परजली. आईला वाचवायची तर पिल्लू कमी केलं पाहिजे, हे मेंढक्याला शिकवावं लागत नाही. राहीनं पिल्लं एकेक करून आणायची, येसूबाईनं मागचे पाय धरायचे, आबांनी मान मागं ओढून सुरी फिरवायची. काही पिल्लांना ओरडायचंही बळ नव्हतं. सतरा झाली. येसूबाईच्या लुगड्याचा ओचा गुडघ्यापर्यंत भिजला आणि उन्हानं ताठ झाला. मेंढ्या कुडाच्या पलीकडून ओरडत होत्या, कुडाला धडका मारत होत्या. अठरावं पिल्लू राहीनं छातीशी घट्ट धरलं आणि ती मागं सरली.

“आण,” आबा म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या की एक.”

आबा उठले, पिल्लू तिच्या हातातून हिसकलं, तिच्या समोर उभ्यानंच कापलं आणि त्याच ओल्या हातानं तिच्या थोबाडात दिली. मग बसून सुरी पुसली. राहीच्या गालावर पाच बोटं लालभडक उठली.

दुपारी दोघी आडावर गेल्या. आडाच्या तळाला हातभर गढूळ पाणी होतं, पोहरा आडवा करून भरावा लागत होता. येसूबाई ओढत होती, राही गाळून घागरीत ओतत होती.

“गाल धुऊन टाक,” येसूबाई म्हणाली.

राहीनं धुतला नाही. घागरीकडं बघत ती म्हणाली, “आत्याबाई, एक सांगू? मारू नका.”

“सांग.”

“मला त्यांचं तोंड आठवत न्हाई.”

येसूबाईचा दोर थांबला.

“लगीन झाल्यापासनं धा-धा दिसांच्या तीन सुट्ट्या. त्यात बी लाजंनं मी नीट वर बघितलं न्हाई. बोलायचं लय चांगलं. पर तोंड म्हनलं की फोटूच दिसतोय, टोपीतला. ज्याचं तोंड आठवत न्हाई त्याची वाट कशी बघायची ओ? उंब्रजला दादानं एक जागा बघितलीया. घोंगड्या विणणारा हाय, बायकू वारलीया. मला जायाचंय.”

येसूबाईनं तिच्या तोंडात भडकावली. सकाळच्याच गालावर. पोहरा आडात जाऊन आदळला. माझ्या पोराचं तोंड आठवत नाही म्हणते! येसूबाईला त्याचं तोंडच काय, पाठीवरचा तीळ, डाव्या पायाचं वाकडं बोट, घशात घास अडकला की मान वर करायची खोड, सगळं आठवत होतं आणि त्या आठवणींनी पाच महिने तिचा जीव आतून कुरतडला होता.

पण राही रडली नाही. नुसती उभी राहिली. आणि येसूबाईला एकदम आठवलं, की बेचाळीस साली तिलाही तात्याबाचं तोंड आठवत नव्हतं. तेव्हा फोटोही नव्हता. ती खाली वाकली आणि आडातला पोहरा काढायला गळ टाकायला लागली.

चार दिवसांनी फाट्यावरून एक जीप धुरळा उडवत आली. दातार नावाचा तरणा अधिकारी भाऊसोची ट्रंक घेऊन पुण्याहून आला होता. त्याच लढाईत तो भाऊसोच्या शेजारच्या विमानात होता. येसूबाईनं त्याला घोंगडं अंथरून दिलं, पाणी दिलं. आबा समोर उकिडवे बसले.

“तुमी बगितलं व्हय त्याला?”

“हो. आम्ही दोघंच होतो. त्याच्या विमानाला खालून तोफेचा गोळा लागला. पंख पेटला.”

“छत्री असती न्हवं उडी माराय?”

“असते.”

“उघडली?”

दातारनं मान खाली घातली. “मला दिसली नाही, आबा.”

“दिसली न्हाई म्हंजी उघडली न्हाई असं न्हाई. धूर आसंल. तू पुढं गेला आसशील जीव घेऊन.”

“मी पुढं गेलो नाही.”

“गेलास! पळालास!” आबांनी झडप घालून त्याचा गळा धरला. पोरगा तगडा होता, पण त्यानं हात उचलला नाही. तोंड निळं पडेपर्यंत तसाच बसून राहिला. जीपचा ड्रायव्हर धावला, त्यानं आबांची बोटं एकेक करून सोडवली. आबांनी मग ट्रंक उचलून अंगणात भिरकावली. फटकन झाकण उघडलं आणि इस्त्री केलेले शर्ट शेणकुटात पसरले. आबा कुऱ्हाड खांद्यावर टाकून मेंढरांमागं निघून गेले.

येसूबाई शर्ट गोळा करायला लागली. दातारही वाकला. गळ्यावर बोटांचे वळ घेऊन तो हळूच म्हणाला, “आई, मी दोन फेऱ्या मारल्या त्याच्यावर. अगदी खालून. विमान नाकावर पडलं आणि लगेच स्फोट झाला. आत तो होता. मला त्याचं डोकं दिसलं होतं, पडायच्या आधी. वर बघत होता.”

“मग सरकार बेपत्ता का म्हनतंय?”

“ती जमीन त्यांची आहे. प्रेत मिळालं नाही. मिळण्यासारखं काही उरलंच नसेल. म्हणून कागदावर तसं लिहितात.”

येसूबाईनं हातातल्या शर्टाची घडी घातली. परत मोडली, परत घातली. तिला वाटलं होतं ही गोष्ट कानावर पडली की आपण धाय मोकलून रडू. तसं काही झालं नाही. पोटात कुणीतरी तापलेला तवा ठेवला आणि तो तिथंच राहिला.

“लय वेळ लागला का त्याला?” तिनं विचारलं.

“नाही आई. अजिबात नाही.”

“मान वर करून बगायची खोडच व्हती त्याची,” ती म्हणाली.

आठवड्यानं राही पळाली. मेंढरांना पाला टाकायचा म्हणून गेली आणि तशीच फाट्याच्या वाटेला लागली. आबांनी टेकावरून बघितलं. फाट्याच्या अलीकडं गाठली, पदर तिच्याच गळ्याभोवती पिळला आणि वाडीभर ओढत आणली. पायातल्या वहाणा वाटेत पडल्या. अंगणात आणून त्यांनी दाव्यानं मारायला सुरुवात केली. पाठीवर, मांड्यांवर, हात मध्ये घातला तर हातावर. राही पहिल्यांदा ओरडत होती. मग ओरडायची थांबली आणि प्रत्येक फटक्याला नुसती हुंकारत राहिली. वाडीत उरलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्या आपापल्या दारातून बघत होत्या.

येसूबाई चुलीपुढं उभी होती. पुढं व्हावं असं तिला वाटत होतं, पण पाय उचलत नव्हता. वीस वर्षांपूर्वी ह्याच अंगणात ती अशीच पडली होती आणि तिची सासू अशीच चुलीपुढं उभी होती. त्या सासूला तिनं जन्मभर शिव्या दिल्या होत्या. स्वतःची एवढी लाज तिला कधीच वाटली नव्हती.

“मेल्यावर आग दिली तरी माघारी आलो मी,” आबा धापा टाकत म्हणाले. “त्यो बी येनार. त्याला घोंगड्यात घालून कोन झुलवतंय ते बगतो.”

दावं टाकून ते निघून गेले. येसूबाईनं राहीला आत नेलं, पाठीवर तेल-हळद लावली. कातडी ठिकठिकाणी फाटली होती.

“राही, आग दिल्याशिवाय तुजा पाट लागत न्हाई.”

“ठावं हाय.”

“कुनी देनार न्हाई. सगळी भितात ह्यांना.”

राही पालथी पडून राहिली. येसूबाईनं हळदीचा हात पुसला आणि ती धोंडुबाईकडं गेली. धोंडुबाई वाडीतली सगळ्यात जुनी विधवा. येसूबाईच्या बांगड्या दगडानं फोडल्या त्या तिनंच. येसूबाई तिला म्हणाली, “कोंडीबाला सांगावा धाड. आमुशाला, दुपारच्या एसटीला फाट्यावर थांबा म्हनावं. वाडीत पाऊल टाकू नगा.”

अमावास्येला ऊन डोक्यावर आलं. आबा मेंढरं घेऊन पार खिंडीकडं गेले होते, कुऱ्हाडीनं बाभळीचे डहाळे पाडायला. येसूबाईनं खळ्यात कडबा आणला. पाच पेंड्यांचं धड केलं, दोन-दोन पेंड्यांचे पाय, एकेका पेंडीचे हात, आणि लोकरीच्या दोरीनं आवळून बांधले. बांधताना तिच्या लक्षात आलं की धड लांब झालंय. तिनं सोडून आखूड केलं, भाऊसोच्या उंचीचं. मग कणीक मळून डोकं केलं. नाक करताना मात्र तिचा हात चालेना. बोट कणकेवर ठेवून ती बराच वेळ बसली. शेवटी चिमटीनं थोडं वर ओढलं आणि सोडून दिलं. ट्रंकेतला निळा शर्ट घातला, गुंड्या लावल्या. वाऱ्यानं कॉलर उलटी झाली, ती तिनं सरळ केली.

पाच-सहा बायका खळ्याच्या कडेला आल्या. पुरुष एक नाही.

“बाईनं आग द्यायची नसती, येसे,” धोंडुबाई म्हणाली.

“मग बोलव की गड्याला. कोन येतंय बग.”

धोंडुबाईनं वाडीकडं बघितलं.

येसूबाईनं राहीला जवळ घेतलं. दगडावर तिची मनगटं ठेवली आणि दुसऱ्या दगडानं बांगड्या फोडल्या. काच मनगटात घुसली, रक्त आलं. अंगठ्यानं तिचं कुंकू पुसलं. मग गोवरी पेटवून ती कडब्याच्या छातीवर ठेवली आणि म्हणाली, “भाऊसो, आयेवर राग धरू नगंस.” वाढवला त्याच हातानं तिला त्याला जाळावं लागत होतं आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं आपण होऊन ठरवलं होतं.

वाळका कडबा तो, भडका उडाला. धूर सरळ वर गेला आणि खिंडीतून दिसायचा तेवढा दिसला.

आबा धावत येताना दिसले तशा बायका पांगल्या. “नीघ,” येसूबाई राहीला म्हणाली. राही कुडाआडून फाट्याच्या वाटेला लागली. फाटा अर्ध्या कोसावर, मध्ये उघडा माळ. आबांनी मागं वळून बघितलं असतं तर ती दिसलीच असती.

पण आबांना फक्त जाळ दिसत होता. कुऱ्हाड टाकून ते सरळ आगीत शिरले, पेटलेलं धड मिठीत धरून बाहेर ओढलं आणि हातांनी थापट्या मारून विझवायला लागले. कणकेचं डोकं गळून पडलं. तेही त्यांनी उचललं. तळहाताची कातडी सोलून कणकेला चिकटली, मिशी जळाली. “भाऊसो, भाऊसो,” म्हणून ते ओरडत होते. मग उठले. अर्धं जळकं धड मातीत पडलं होतं. त्यांनी कुऱ्हाड उचलली.

“राही कुठं हाय?”

ते वळायला लागले. येसूबाईनं माळाकडं बघितलं. राही अजून निम्म्या वाटेतही नव्हती, पाठीच्या जखमांनी तिला पळता येत नव्हतं.

“आग मी दिली,” येसूबाई म्हणाली. “राहीनं न्हाई.”

कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, तिच्या खांद्यावर बसला. ती बसली, पण पडली नाही. आबा परत वळायला लागले.

“आवं, थांबा. नाथाजीचं सांगते.”

आबा थांबले. वीस वर्षांत हे नाव घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

“चवदा म्हैनं मी त्याच्यात नांदली. सुखात नांदली. त्यो मला येसू म्हनायचा.”

दांडा हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला, दुखलं त्यानंतर.

“माज्या आधी कवा जेवला न्हाई. मला ताप आला तवा माजं डोस्कं मांडीवर घिऊन बसला. तुमी माज्या कपाळाला कवा हात लावलाय?”

तिसरा फटका पाठीत. तिच्या तोंडात रक्ताची चव आली. डोळ्याच्या कोपऱ्यातून ती माळ बघत होती. राही ओढ्याच्या काठाला पोचली होती. एसटीचा धुरळा लांबवर उठला होता.

“बोल,” आबा ओरडले, “बोल आनखी!”

“बोलते. तुमी बूट वाजवत आला तवा मी चुलीम्होरं व्हते. सगळी म्हनली, नशीब काढलंस. मला आनंद झाला न्हाई. मी बिरोबाला म्हनलं, ह्याला माघारी ने.”

आबांनी कुऱ्हाड दोन्ही हातांनी वर उचलली, ह्या वेळी पात्याच्या बाजूनं. सोललेल्या हातांतून दांडा सटकत होता. येसूबाईनं मान काढून घेतली नाही. तिच्या डोळ्यांना फाट्यावर थांबलेली एसटी दिसत होती, कोंडीबा आणि सोपान धावत पुढं झाले आणि त्यांनी राहीला उचलून आत घेतलं. एसटी हलली. धुरळा खाली बसेपर्यंत येसूबाई त्याच बाजूला बघत राहिली आणि कुऱ्हाड तशीच वर राहिली.

“गेली,” ती म्हणाली.

आबांनी आता वळून बघितलं. माळ मोकळा होता. कुऱ्हाड त्यांच्या हातून सुटून मागं पडली. ते खाली बसले, सोललेले हात गुडघ्यावर उताणे ठेवून. धापा टाकत होते. मग त्यांनी विचारलं, “त्यो पोरगा तुला काय म्हनला? त्या दिशी?”

“विमान नाकावर पडलं. आत त्यो व्हता.”

“छत्री?”

“न्हाई.”

“त्यानं सोता बगितलं?”

“व्हय. दोन फेऱ्या मारल्या म्हनला.”

आबांचं नुसतं तोंड उघडं राहिलं. मग ते ओरडले. मेंढरं मागं सुटी राहिली होती, ती खळ्यात शिरली आणि न जळलेल्या पायांचा कडबा ओढून खायला लागली. उपाशी जनावरं ती, त्यांना काय कळतंय?

येसूबाई उठली. डावा हात लोंबत होता. तिनं पायानं मेंढरं हुसकली आणि जळकं धड उजव्या हातानं परत जाळाकडं ओढायला लागली. ते हलेना, नुसता शर्ट फाटत होता. अर्धं जळलेलं असं टाकून जाता येत नव्हतं, मग ते कुणाचंही असो.

“एका हातानं उचलत न्हाई,” ती म्हणाली. “पाय धरा.”

आबा बसून राहिले. तिनं परत सांगितलं नाही. ती शर्टाची बाही मुठीत धरून उन्हात उभी राहिली. शेवटी आबा गुडघ्यावर हात टेकून उठले, कळ मस्तकात गेली तसे कण्हले. मग वाकून त्यांनी कडब्याचे दोन्ही पाय त्या सोललेल्या हातांत धरले.